बाबूजी, पेढे अजून बाकी आहेत

बाबूजी, जय हिंद.

तुम्ही मराठी वाचता म्हणून मराठीतच लिहितोय. खडकीला आठ वर्षं काढलेला मल्याळी माणूस, मुलगी मराठी शाळेत, आणि कोणाच्या घरून दिवाळी अंक आला की पहिला हात तुमचा, त्यातही राशिभविष्याचं पान आधी, हे मी विसरलो नाहीये. युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही नाही, जुना नंबर लागत नाही, कोण म्हणतं पालक्काडला आहेत, कोण म्हणतं मुलीकडे दुबईला. म्हणून असं सगळ्यांसमोर लिहायची वेळ आली. कोणीतरी पोचवेल.

वाचणाऱ्या बाकीच्यांना थोडं सांगतो, नाहीतर त्यांना काय कळणार. बाबूजी म्हणजे आमच्या युनिटचे क्लार्क. गोलान म्हणजे सीरिया आणि इस्राएलच्या मधलं पठार. १९७३ च्या लढाईनंतर १९७४ मधे तिथे युनायटेड नेशन्सची फोर्स बसली, आम्ही तिला अनडॉफ म्हणायचो, आणि २००६ पासून तिच्या लॉजिस्टिक्सचं काम आपल्या भारताच्या तुकडीकडे आहे. आम्ही सेना सेवा कोरची, म्हणजे एएससीची माणसं, २०१४ ला तिथे होतो. राशन, डिझेल, पाणी, गाड्यांचे पार्ट, हे एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर. पेपरात फोटो येतो निळं हेल्मेट घालून दुर्बीण लावलेल्याचा, पण त्याच्या पोस्टवर पाण्याचा बाउझर सकाळी कोण घेऊन गेलं हे कोण विचारतंय. मी ड्रायव्हर. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, पहिला आठवडा दर वळणाला हात आपोआप डावीकडे जायचा, आणि रस्त्याच्या कडेला उतरायचं नाही कारण कुंपणापलीकडे जुने माइन्स, म्हणजे सुरुंग. आणि जमीन म्हणाल तर आपलीच वाटायची. काळा कातळ, लाल-तपकिरी माती, वर गवत. हवेतला गारवा सोडला तर कासच्या पठारावर उभं असल्यासारखं. फरक एवढाच की मागे हर्मनचा डोंगर आणि त्यावर बर्फ.

आमचा कॅम्प झिवानी, इस्राएलच्या ताब्यातल्या बाजूला. दुसरा मोठा कॅम्प फौआर, सीरियाच्या बाजूला. मधे कुनेत्राचं गेट. माणसं फिजीची, फिलिपिन्सची, आयर्लंडची, नेपाळची आणि आपली. फिजीवाले सकाळी भेटले की लांबूनच "बुला!" ओरडायचे, आणि रविवारी त्यांचं प्रार्थनेचं गाणं सुरू झालं की आपला लांगरी, म्हणजे स्वयंपाकीसुद्धा पळी हातात धरून उभा राहायचा.

आता बाबूजी, तुमच्या बोर्डाचं सांगतो. लंगरच्या, म्हणजे जेवणघराच्या दाराबाहेर पांढरा बोर्ड होता, खरं तर जेवणाचा मेनू लिहायला. मेनू तुम्ही वरच्या कोपऱ्यात ढकललात आणि खाली निळ्या मार्करने लोकांच्या घरच्या खबरी लिहायला लागलात. जालंधर, भावाचं लग्न ठरलं. मदुराई, मुलगा दहावी पास. बुलढाणा, पाऊस झाला, पेरणी उरकली. ज्याची खबर त्याने संध्याकाळी लंगरात गोड द्यायचं हा नियमही तुमचाच. सुरुवातीला हसलो सगळे, सीओ साहेबांनी पण बघून न बघितल्यासारखं केलं, आणि महिनाभरात असं झालं की लोक जेवण काय आहे ते नंतर बघायचे. जुलैच्या शेवटी तुम्ही त्यावर फक्त "माळीण" एवढं लिहिलं होतं. आंबेगावकडचा एक पोरगा होता आपल्यात, त्याच्या आत्याचं गाव दरडीखाली गेलेल्या माळीणच्या शेजारचं. त्या दिवशी कोणी गोड मागितलं नाही.

आणि तुमच्याकडे ते रजिस्टर होतं. ज्याची बायको गरोदर, ज्याचे आई-बाप आजारी, ज्याच्या पोराची परीक्षा, त्याचं नाव, तारीख, आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. दोन का, तर एकाचा लागला नाही तर. मला तेव्हा वाटलं होतं की क्लार्क लोकांना कागद भरायचा रोगच असतो. हिच्या नावापुढे तुम्ही सप्टेंबरचा पहिला आठवडा लिहिला, नंबर माझ्या मेव्हण्याचा आणि सासऱ्यांचा.

इथे एक कबुली द्यायचीय. मी तुमच्यावर चिडलेलो होतो. ऑगस्टची सुट्टी मागितली होती, फॉर्म परत आला, आणि मला वाटलं तुम्हीच पुढे सरकवला नाही. लंगरात चार लोकांत बोललो पण तसं, तुम्हाला ऐकू जाईल असं. मागाहून कळलं की तुम्ही तो दोनदा वर पाठवला होता, जागाच नव्हती. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मी आजपर्यंत सॉरी म्हटलेलं नाही, ते आत्ता म्हणतोय, अकरा वर्षं उशिरा.

२७ ऑगस्टला कुनेत्राचं गेट सीरियातल्या बंडखोरांच्या हातात गेलं. २८ ला सकाळी फिजीच्या ४५ जणांना अल-नुसरा या अतिरेकी गटाने उचललं. फिलिपिन्सच्या पोस्टना वेढा पडला. कॅम्पात सायरन, सगळे शेल्टरमधे, अंगावर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, स्वतःचे फोन बंद करून जमा. आणि २९ ला गणेश चतुर्थी! रत्नागिरीच्या त्या पोराने आठवडाभर आधी सँडबॅगमधली माती चाळून, भिजवून एक टीचभर गणपती केला होता, आपल्या लाल मातीचा असतो तसाच दिसत होता, सोंड जरा जाड झालेली. तो शेल्टरमधेच बसवला, राशनच्या खोक्यावर. आरती हळू आवाजात म्हटली. बाहेरून मधे मधे धमाके ऐकू यायचे आणि "घालीन लोटांगण" म्हणताना लोटांगण घालायला जागा नव्हती. मोदकाच्या जागी लांगरीने मैद्याचं काहीतरी तळून आणलं, ते मोदक होतं असं आम्ही ठरवलं.

दीड दिवसाचा ठरवला होता म्हणून ३० तारखेला दुपारी पाण्याच्या बादलीत विसर्जन केलं. आणि मी तसाच भिंतीला टेकून बसलो. माझं डोकं सगळं साताऱ्याला. हिच्या पोटात दुखायला लागल्याचा निरोप आदल्या दिवशी फोन बंद व्हायच्या आधी आला होता, दिवस अजून भरले नव्हते, आणि पुढे काहीच नाही.

संध्याकाळी सव्वासात-साडेसात झाले असतील, भारतात दहाच्या आसपास. तुम्ही शेल्टरच्या दारातून वाकून आत आलात. हेल्मेट जरा तिरकं, चष्म्यावर धूळ, आणि हातात एक कागद. तुम्ही ड्युटी रूमच्या फोनपाशी रात्रीपासून बसून होतात हे मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने सांगितलं. मेव्हण्याचा नंबर लागला नाही, सासऱ्यांचा लागला. तुम्ही माझ्यासमोर उभे राहून काही बोलला नाहीत, तो कागद नुसता पुढे केलात. स्टोअरचं रिसीट व्हाउचर, म्हणजे माल मिळाल्याची पावती होती, नीट भरलेली, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात.

आयटम: मुलगी. संख्या: १. वजन: २.९ किलो. कुठून: सातारा. कंडिशन: सर्विसेबल. शेरा: आई ठीक, पेढे बाकी.

आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ.

मी सही केली बाबूजी, पण हात इतका हलत होता की ती सही बँकेत पास झाली नसती. पोरांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणून गुडघ्यावर हात आपटले, सगळ्या शेल्टरमधे तो धप धप आवाज, आणि तो नेपाळी हवालदार, त्याला काय झालंय ते नीट कळलंही नव्हतं, तोच सगळ्यात जोरात आपटत होता. त्याच रात्री वेढ्यातले ४० फिलिपिनो अंधारात चालत निसटले. सकाळी बातमी आली तेव्हा तुम्ही खोक्याचं झाकण फाडून त्यावर दोन्ही लिहिलंत, माझी मुलगी आणि ते ४०, एकाखाली एक.

फिजीचे ४५ मात्र तुम्ही रोज लिहायचात. बोर्डाशी परत जाता यायला लागल्यावर सगळ्यात वर, "फिजी, ४५", आणि पुढे रिकामी जागा. मधेच काश्मीरचा पूर आला, त्यात आपल्यातल्या दोन जवानांची घरं, श्रीनगरचा फोन काही लागेना, त्यांची नावं पण तशीच रिकामी जागा सोडून लिहिलीत, आणि दिवसातून किती वेळा नंबर फिरवलात ते तुम्हालाच माहीत. एकाच्या घरचे तीन दिवसांनी बोलले, दुसऱ्याचे पाच. ११ सप्टेंबरला फिजीचे सगळे सुटले. तुम्ही रिकाम्या जागेत "आले" एवढंच लिहिलंत आणि लांगरीला सांगितलंत शिरा कर, मोठ्या पातेल्यात कर, आज खबर आपल्या सगळ्यांची आहे.

नंतर चार दिवसांत फौआर रिकामा करून ती सगळी माणसं आपल्या बाजूला आली, जिथे जागा तिथे खाट, चपात्या किती लाटल्या त्या दिवसांत त्याचा हिशोब लांगरीने अजून माफ केलेला नाही. तो हिशोब वेगळा.

एकदा आपण मजदल शम्सला, गोलानमधल्या त्या द्रूझ पंथाच्या लोकांच्या गावाला, गेलो होतो आठवतंय? तिथला तो उतार, जिथे द्रूझ लोक भोंगा घेऊन उभे राहायचे आणि तारेपलीकडच्या नातेवाइकांना ओरडून सांगायचे, लग्न ठरलं, आजी गेली, मुलगा झाला. तुम्ही बराच वेळ बघत उभे होतात आणि मग मराठीत म्हणालात, "यांचा बोर्ड माझ्यापेक्षा मोठा आहे." सफरचंदं घेतली होती आपण त्या दिवशी, आंबट निघाली.

मुलगी आता अकरा वर्षांची झाली. शाळेतलं नाव वेगळं आहे पण घरात गोलूच म्हणतो, गोलानवरून, तिला वाटतं ती लहानपणी गुबगुबीत होती म्हणून. मागच्या महिन्यात कपाट आवरताना तिला ते व्हाउचर सापडलं. तिने वाचलं आणि पहिला प्रश्न, "पप्पा, सर्विसेबल म्हणजे काय?" मी सांगितलं, चालू स्थितीत. ती म्हणाली मग पेढे का नाही दिले. मी म्हटलं तिकडे मिळत नव्हते. मग इकडे आल्यावर? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आलो, तुमची पोस्टिंग दुसरीकडे, मग माझी, मग तुमचं पेन्शन, आणि माणूस कसा असतो, उद्या फोन करू म्हणत म्हणत.

थँक्यू बाबूजी. त्या रात्री ड्युटी तुमची नव्हतीच, तरी बसलात. आणि ज्याने तुमच्याबद्दल चारचौघांत वाईट बोललं त्याच्यासाठी बसलात.

व्हाउचर लॅमिनेट करून घेतलंय, "पेढे बाकी"ची एंट्री मी कट केलेली नाही, ती तुम्हीच करायची. ज्याच्याकडे बाबूजींचा पत्ता असेल त्याने मला खाजगीत पाठवा, पिनकोडसकट. साताऱ्याचे कंदी पेढे आहेत, आठ-दहा दिवस आरामात टिकतात, पालक्काडला पोचतील. दुबईला असाल तर मात्र कोणीतरी जाणारा शोधावा लागेल, ते बघतो मी.

तुमचा,
एमटीवाला सातारकर