येरळाकाठच्या पाणपक्ष्यांच्या नियमित गणनेसाठी साहाय्याचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

खटाव तालुक्यात उगम पावून सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळणाऱ्या येरळेच्या खोऱ्यातील तलावांवर दर हिवाळ्यात दूरदूरचे पाणपक्षी उतरतात, हे आपणांस ठाऊक आहेच. मायणी किंवा येरळवाडी येथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि रविवारी भरावावर गाड्यांची रांग लागते. परंतु पूर्वीपेक्षा पक्षी कमी झाले का, या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आमच्या मंडळापाशी आजही नाही. आमच्या वह्यांत नोंदी पुष्कळ आहेत. मात्र त्या ज्याला जेव्हा सवड झाली तेव्हाच्या, कधी सकाळच्या तर कधी भर दुपारच्या, आणि बहुधा जिथे पक्षी दिसले तेवढ्याच जागांच्या आहेत. ‘आज एकही पक्षी दिसला नाही’ अशी नोंद त्यांत क्वचितच सापडते, आणि संख्या घटली की नाही हे ठरवताना नेमकी तीच लागते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचे मोल मोठे आहे. आमच्या तलावांपुरते मात्र वर्षातील एका दिवसाचे चित्र अपुरे पडते, कारण येथील पाण्याची पातळीच पूर्वीसारखी राहिलेली नाही. टेंभू, उरमोडी अशा उपसा योजनांचे पाणी या दुष्काळी पट्ट्याकडे आले, ही आनंदाची गोष्ट आहे आणि आमच्यापैकी निम्मे सभासद स्वतः शेतकरी असल्याने त्याविषयी तक्रार करण्याचा प्रश्नच नाही. पण तलाव हिवाळाभर तुडुंब राहिला की काठचा उथळ, गाळाचा पट्टा पाण्याखाली जातो. चोच उलटी करून पाणी गाळणाऱ्या रोहिताला आणि चिखलात भक्ष्य टिपणाऱ्या शेकाट्या, तुतवारांना तोच पट्टा हवा असतो. वारकरी पक्ष्याचे मात्र खोल पाण्यातही भागते. अशा वर्षी मायणीत रोहित दिसले नाहीत, तर ते खरोखर घटले की केवळ शेजारच्या तलावावर गेले, हे एका तलावाची एकदाच केलेली मोजणी सांगू शकत नाही. त्यासाठी अनेक तलाव एकाच सकाळी, ठरलेल्या जागांवरून मोजावे लागतात आणि प्रत्येक वेळी पाण्याची पातळीही लिहावी लागते.

म्हणून येत्या नोव्हेंबरपासून मार्चअखेर दर पंधरवड्याला अशी गणना करण्याचे मंडळाने ठरविले आहे. सूर्य पाठीशी राहील अशा जागी दोघांनी उभे राहून एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे मोजायचे, मोठा थवा असल्यास आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या आकाराचे तुकडे पाडत पुढे जायचे, आणि दोन आकडे फार वेगळे आले तर पुन्हा मोजायचे, अशी ही साधी पद्धत आहे. नदीसुरय या पक्ष्यासाठी मात्र काम मे महिन्यापर्यंत चालवावे लागेल. धोक्यातील जीवजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ ठरलेला हा पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतो. त्यामुळे अचानक सोडलेले पाणी, वाळूउपसा आणि मोकाट कुत्री यांचा त्याला थेट फटका बसतो. गावोगावच्या हौशी निरीक्षकांनी केलेले हे काम वाया जात नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील ९४२ पक्षीजातींच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांवर निरीक्षकांच्या नोंदींवरच उभा आहे.

या कामासाठी सर्वांत मोठी गरज माणसांची आहे. पक्ष्यांची नावे येत नसली तरी चालेल, ती शिकविता येतात. दर पंधरवड्याची एक सकाळ न चुकता देणे महत्त्वाचे. मासेमारी करणाऱ्या बांधवांना विशेष विनंती आहे, कारण कोणता पक्षी तलावाच्या कोणत्या कोपऱ्यात रात्र काढतो हे त्यांच्याइतके आम्हांला कळत नाही. गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी) करणाऱ्या शेतकऱ्यांनी हरभऱ्यात उतरणाऱ्या पट्टकादंब हंसांच्या तारखा, आणि झालेले नुकसानही, अवश्य कळवावे. कोणाकडे जुन्या तारीखवार नोंदवह्या किंवा छायाचित्रे असतील, तर आम्ही घरी येऊन प्रती काढून घेऊ आणि मूळ वही तिथल्या तिथे परत करू.

वस्तुरूपाने दोन स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणी), तिपाया, ८ बाय ४२ च्या (आठपट मोठे दाखविणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या) सहा दुर्बिणी आणि पाण्याची पातळी मोजण्याच्या पट्ट्या हव्या आहेत. वापरलेली दुर्बीणही चालेल, फक्त भिंगाला बुरशी नसावी. रोख देणगी केवळ वाहनाच्या इंधनासाठी व नोंदवह्यांच्या छपाईसाठी वापरली जाईल, पावती दिली जाईल, आणि जमाखर्च दर तिमाहीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. ड्रोन मात्र कृपया देऊ नयेत. त्याच्या आवाजाने थवा उठला की त्या सकाळची मोजणी संपलीच.

इच्छुकांसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता येरळवाडी तलावाच्या सांडव्यापाशी प्रशिक्षण ठेवले आहे. येताना पाणी, टोपी आणि पेन्सिल आणावी. दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेन उमटत नाही.

आपले विनम्र,
कार्यकारी मंडळ