अकरा नंबरचा टी-शर्ट

श्रूसबरी, मॅसॅच्युसेट्स
28 नोव्हेंबर 2025

प्रिय बंड्या,

तुझा बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. चेन्नईने जडेजा राजस्थानला देऊन संजू सॅमसन आणला, हे तुला अजून पचलेलं नाही एवढं कळलं. बाकी सगळ्या शिव्याच होत्या. शेवटी म्हणालास, "तुला काय त्याचं, तुमच्या बेसबॉलमध्ये तर रोजच माणसं विकतात." फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, बाहेर बोचरी थंडी आहे, सवडच सवड आहे.

विकतात, खरं आहे. पण तुमच्याकडे निदान खेळाडूची संमती लागते. इथे तीही लागत नाही. दहा वर्षं खेळून त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे काढली असतील, किंवा करारातच तसं कलम घालून घेतलं असेल, तरच माणूस 'नाही' म्हणू शकतो. बाकीच्यांनी फोन आला की बॅग भरायची. बायको, पोरांची शाळा, भाड्याचं घर, सगळं मागाहून.

मी बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमचा कसा झालो ते तुला माहीतच आहे. शेजारच्या आजोबांनी केला. उन्हाळ्यात ते अंगणात रेडिओ लावून बसायचे आणि मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेलो की दोन इनिंग तिथेच अडकायचो. आपल्या रेडिओवरच्या कॉमेंट्रीची आठवण यायची. त्याच काळात मुकी बेट्स नावाचा, अंगकाठीने आपल्या कॉलेजच्या विकेटकीपरएवढा पोरगा टीममध्ये आला. 2011 साली पाचव्या फेरीत निवडलेला. मूळचा सेकंड बेसवरचा (बेस म्हणजे धाव काढताना गाठायचे टप्पे, प्रत्येकाजवळ एक क्षेत्ररक्षक उभा), पण ती जागा आधीपासून पेड्रोयाची. म्हणून याला बाहेर, आउटफिल्डमध्ये धाडलं. हा निमूट गेला आणि 2018 ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी 108 सामने जिंकून आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढतही घेतली.

आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याला लॉस एंजलिसच्या डॉजर्सना देऊन टाकला.

कारण ऐक. बेसबॉलमध्ये पगारावर पक्की मर्यादा नाही, एक रेघ आहे. त्या वर्षी ती 20 कोटी 80 लाख डॉलरला होती. रेघ ओलांडली की कर. सलग दुसऱ्या वर्षी ओलांडली की जास्त कर, तिसऱ्या वर्षी वरच्या रकमेवर पन्नास टक्के. बॉस्टनने दोन वर्षं ओलांडली होती. शिवाय हंगाम संपला की मुकी मोकळा होणार होता. तेव्हा हातात आहे तोवर विकून काहीतरी मिळवा, असा हिशोब. मालक म्हणजे जॉन हेन्री, ज्यांच्या कंपनीकडे लिव्हरपूल फुटबॉल क्लबही आहे. तिकिटं देशातल्या सगळ्यात महागांपैकी. आणि यांना नाकापेक्षा मोती जड झाला!

त्याच्यासोबत डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही (पिचर म्हणजे आपला बोलर) डॉजर्सच्या गळ्यात बांधला, वर त्याच्या निम्म्या पगाराची पदरमोड आपणच केली. बदल्यात तिघे आले. वर्डुगो, वाँग आणि जीटर डाउन्स. या डाउन्सचं नाव न्यूयॉर्कच्या यांकीजच्या, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांच्या, डेरेक जीटरवरून ठेवलेलं, म्हणजे बॉस्टनमध्ये मुलाचं नाव अफझलखान असावं तसं. तो आमच्यासाठी चौदा सामने खेळला आणि गेला. मुकीने त्याच जुलैत डॉजर्सशी बारा वर्षांचा 36 कोटी 50 लाखांचा करार केला आणि पहिल्याच हंगामात वर्ल्ड सिरीज जिंकली.

पुढचा भाग मला कोणी सांगितला असता तर मी म्हटलं असतं, एवढं रचून सांगू नये माणसाने. वर्डुगोला आम्ही यांकीजला दिला. 2024 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्स आणि यांकीज समोरासमोर. शेवटच्या सामन्यात मुकीच्या उंच फटक्यावर विजयी धाव आली आणि अखेरचा बाद झालेला बॅटर कोण? वर्डुगो. मुकीच्या बदल्यात आलेला माणूस हवेत बॅट फिरवून गेला आणि मुकी समोर नाचत होता. आजोबांनी टीव्ही बंद केला, एक शब्द बोलले नाहीत.

तू म्हणशील, हा एकच किस्सा किती वर्षं उगाळणार. बरं, दुसरा घे. 2023 संपता संपता ख्रिस सेल हा पिचर अटलांटाला दिला. म्हातारा झाला, सारखा जखमी असतो, हे कारण. वर 1 कोटी 70 लाखांची दक्षिणाही दिली. पुढच्याच वर्षी तो 18 सामने जिंकून साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार घेऊन बसला. त्याच्या बदल्यात आलेला ग्रिसम मी डोळ्यांनी रोज बघत होतो, कारण आमच्या घरापासून वूस्टरचं पोलर पार्क जवळ. तिथे रेड सॉक्सची खालची टीम खेळते.

बंड्या, रोस्टर, म्हणजे टीमची खेळाडूंची यादी, काय चीज आहे हे समजायचं असेल तर बॉस्टनच्या फेनवे मैदानावर जाऊ नको, वूस्टरला ये. वर, मुख्य टीममध्ये, 26 जणांची जागा. कागदावर 40 जणांची यादी. त्यातल्या तरुण पोरांना तीन हंगाम वर-खाली करायची मुभा टीमला असते, चौथ्या वर्षी तसं करायचं तर आधी बाकीच्या टीमना विचारावं लागतं, 'कुणाला हवाय का?' त्यामुळे कधी कधी चांगला खेळणारा खाली बसतो आणि वाईट खेळणारा वर राहतो, केवळ त्याची मुभा संपलीय म्हणून. आपल्या बदलीच्या सरकारी नोकरीसारखंच. एखादा पोरगा सकाळी वूस्टरला नाश्ता करतो आणि संध्याकाळी फेनवेत पिचिंग. अंतर जेमतेम पंचेचाळीस मैल, पण पगारातली दरी विचारू नको. 2025 चा अख्खा हंगाम ग्रिसम तिथेच होता. मंगळवारी संध्याकाळी, हजारभर लोक, हॉटडॉगचा वास, आणि हा फर्स्ट बेसवर उभा. राग त्याच्यावर काय काढणार? त्याने थोडंच सांगितलं होतं, सेलला देऊन मला घ्या म्हणून. याच महिन्यात त्यालाही एंजल्स टीमकडे धाडला.

याच खालच्या टीमच्या रोमन अँथनीचा 7 जूनचा फटका टीव्हीवर बघितला. 497 फूट! तिन्ही बेसवर आपले गडी, चेंडू कुठे पडला ते कुणालाच दिसलं नाही. दोन दिवसांनी त्याला वर बोलावलं. वय एकवीस.

आणि त्यानंतर सहा दिवसांनी डेव्हर्स गेला.

हे नीट सांगतो, कारण इथे माझं आणि आजोबांचं भांडण आहे. राफाएल डेव्हर्स डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेला, थर्ड बेसवरचा. 2023 च्या जानेवारीत त्याच्याशी 31 कोटी 35 लाखांचा दहा वर्षांचा करार केला. मुकी गेला, बोगार्ट्स गेला, निदान हा राहिला म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. माझ्या पोराला तेव्हाच त्याचा अकरा नंबरचा टी-शर्ट घेतला. मग या फेब्रुवारीत ब्रेगमनला आणलं. तो थर्ड बेसवर, त्यामुळे डेव्हर्सला म्हणाले, तू आता नुसती बॅटिंग कर, ग्लव्ह ठेवून दे. तो कुरकुरला, पण ऐकलं. मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या कसासचा गुडघा गेला. तेव्हा म्हणाले, ग्लव्ह काढ, फर्स्ट बेसवर उभा राहा. तो म्हणाला, नाही. मालक स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. तरी काही जमलं नाही.

15 जूनला, फादर्स डेच्या रविवारी, आम्ही यांकीजला सलग तिसऱ्यांदा हरवलं. डेव्हर्सने त्याच सामन्यात होमरन मारला. मी आणि पोरगा घरात नाचतोय, आणि तासा-दोन तासांत बातमी : सॅन फ्रान्सिस्कोला दिला. बदल्यात चार जण, आणि उरलेला पंचवीस कोटींच्या वरचा सगळा पगार तेच देणार.

आजोबांचं म्हणणं, एवढे पैसे घेऊन उभं राहायला सांगितलं तर उभं राहावं, उगाच नखरे कसले. आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन सव्वा महिन्यात फर्स्ट बेसवर उभा राहिलाच ना! हे खरंय, मलाही लागलं. मुकीकडे बघ, सहा वेळा सर्वोत्तम आउटफिल्डरचा गोल्ड ग्लव्ह घेतलेला माणूस, वयाच्या बत्तिशीत शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला गडी झाला. या 1 नोव्हेंबरच्या टोरंटोतल्या रात्री शेवटचा चेंडू त्याच्याकडेच आला. त्याने पायाने सेकंड बेस टिपला, फर्स्टवर फेकला, दोघे बाद, खेळ खल्लास. डॉजर्स पुन्हा विजेते.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. मुकीला विचारत गेले, त्याला वर्षभर शिकवलं, त्याने चुका केल्या तर झेलल्या. डेव्हर्सला आधी न सांगता जागा काढली आणि मग अडचण आली तेव्हा हाक मारली. घरच्या माणसाला पंगतीतून उठवायचं, आणि वाढपी कमी पडला की त्यालाच बोलवायचं, असं झालं हे. त्याचंही चुकलं. पण मला विचारशील तर आधी कोणाचं चुकलं, तर टीमच्या ऑफिसचं.

आता माझंही उणं सांगतो, नाहीतर उंटावरचा शहाणा म्हणशील. गेल्या डिसेंबरात क्रोशे या पिचरसाठी चार होतकरू पोरं शिकागोला दिली तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरत होतो की लुटलं आपल्याला. त्याने या वर्षी 255 बॅटर एकट्याने तंबूत धाडले. प्लेऑफमध्ये यांकीजच्याच मैदानात पहिला सामना त्याने जिंकून दिला. पुढचे दोन आम्ही हरलो, ते सोड. डेव्हर्सशिवाय 89 सामने जिंकून आम्ही तिथवर पोहोचलो हेही कबूल करायला पाहिजे. आजोबा ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात.

त्यांची तर 2004 ची गोष्ट ठरलेली. नोमार गार्सियापारा, इथला देव, 31 जुलैला शिकागोला दिला. तीस वर्षांच्या जनरल मॅनेजरने, म्हणजे खेळाडूंचे सौदे करणाऱ्या साहेबाने. आजोबांनी म्हणे त्या दिवशी टोपी कचऱ्यात टाकली. त्याच दिवशी किरकोळ सौद्यात डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक पळणारा गडी आणला, कुणी लक्षही दिलं नाही. ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध शून्य-तीन अशी पिछाडी, नववी इनिंग, एका धावेने मागे, आणि हा रॉबर्ट्स त्यांच्या रिव्हेरा या पिचरसमोर सेकंड बेस चोरतो, म्हणजे फटका नसताना पळून गाठतो. सगळ्यांना माहीत होतं तो पळणार, तरी पळाला. तो सामना वाचला आणि 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज आली. टोपी कचऱ्यातून काढली का, हे आजोबा सांगत नाहीत. तोच रॉबर्ट्स आज डॉजर्सचा मॅनेजर आहे. म्हणजे मुकी त्याच्याच हाताखाली.

या मंगळवारी आम्ही सेंट लुइसहून सनी ग्रे हा पिचर आणला. छत्तीस वर्षांचा. त्याच्या करारात नकाराचं कलम होतं, तरी तो हो म्हणाला. आणि या वेळी 2 कोटींची दक्षिणा समोरच्यांनी दिली! ब्रेगमन मात्र करार मोडून मोकळा झालाय. ज्याच्यासाठी डेव्हर्सला उठवलं, तोच आता राहतो की जातो, पत्ता नाही. मी दर दहा मिनिटांनी फोन बघतो, बायको वैतागलीय.

आज इथे दुकानांत सवलतींचा दिवस. पोराला घेऊन दुकानात गेलो होतो. तो अजूनही अकरा नंबरचा टी-शर्ट घालून झोपतो, बाह्या आता कोपराच्या वर गेल्यात. मी म्हटलं, नवीन घेऊ. अँथनीचा, एकोणीस नंबरचा, दाखवला. पोरगा म्हणाला, "बाबा, हा नक्की राहणार ना?" मी सांगितलं, ऑगस्टमध्येच आठ वर्षांचा करार केलाय त्याने. तो माझ्याकडे बघत राहिला. डेव्हर्सचा दहा वर्षांचा होता, हे त्यालाही पाठ आहे.

घेतला शेवटी. वाढत्या अंगाचा घेतला.

काकूंना नमस्कार सांग. भाजणी संपलीय, कुणी येणार असेल तर पाठव.

तुझा,
नाना