आधी ये, मग फेड

भायखळा, मुंबई

चि. बाळास,
प्रभू येशूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद.

‘मित्राचे पैसे फेडून झाले की मगच प्रभुभोजन, चर्चमधली ती भाकर आणि प्याला, घेईन,’ असं तू काल फोनवर म्हणालास. ऑनलाइन रमीत दुसऱ्याचे पैसे घालवलेस याचा मला राग आहेच, तो या पत्राने जाणार नाही. पण तू लावलेला क्रम त्याहून जास्त टोचला.

मागच्या वेळी प्रभुभोजनाच्या ग्लासांचा ट्रे आपल्या बाकाशी आला तेव्हा तू एकही ग्लास न उचलता तो तसाच माझ्या हातात दिलास. मला वाटलं, सर्दी असेल. आता कळलं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, अयोग्य प्रकारे खाऊ-पिऊ नये हे तू मला ऐकवलंस. मग पुढचं वचनही वाच की! माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. परीक्षा करून बाकावर बसून राहावं, असं नाही. येशूच्या त्या शेवटच्या भोजनाला त्याचा शिष्य पेत्र बसला होताच. कोंबडा आरवण्याआधी हा आपल्याला तीनदा नाकारणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या हातात भाकर दिलीच ना?

जक्कय आठव. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून गबर झालेला. येशूला बघायला तो उंबरावर चढला, तर येशू त्या उंबराखाली थांबला आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणाला. लोक कुरकुरले. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट, हे जक्कयाचं बोलणं त्यानंतरचं. परतफेड झाली, पण पाहुणा आधी घरात आला.

रोमकरांस पत्राचा 5वा अध्याय सावकाश वाच. एका अपराधाने सगळ्यांवर दंड आला, आणि कृपेचं दान आलं ते पुष्कळ अपराधांनंतर. पौलाच्या मते ही दोन पारडी सारखी नाहीतच. पाप वाढलं तिथे कृपा त्याहूनही कितीतरी वाढली. तू मात्र वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं बघतोस: इतकं घेतलं, इतकं दिलं, बाकी शून्य. बाकी शून्य झाल्यावर कृपा हवीच कशाला? मला तर यात थोडा गर्वच दिसतो. माझं पाप एवढं मोठं की देवालाही आवरेना!

आपल्या मुंबईत 1889 साली शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनी पुढे केडगावला, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायांसाठी एक घर उभं केलं. नाव कृपासदन. चांगल्या चालीचा दाखला आणायची अट घातली असती तर ते रिकामंच राहिलं असतं.

मग खुशाल खेळत राहू का, असं विचारशील. (तुझा स्वभाव मला माहीत आहे.) हा प्रश्न पौलाने रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच घेतलाय आणि साफ नाही म्हटलंय. पापाला मेलेल्याने, म्हणजे त्याच्याशी नातं तुटलेल्याने, पुन्हा त्यातच कसं राहावं?

आता व्यवहाराचं. मित्राला मेसेज करू नकोस, भेट. पैसे रमीत गेले हे स्वतःच्या तोंडाने सांग, आजारपणाची थाप नको. तो चिडेल, ऐकून घे. दर महिन्याला पगार झाला की त्याचा हप्ता बाजूला काढ. माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही, बाबांकडे चोरून मागू नकोस. ते अ‍ॅप आजच काढून टाक.

आणि पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला ये, हप्ता दिलेला असो वा नसो. मेगाब्लॉक असला तर डोंबिवलीहून लवकर निघ. पाळकसाहेब उपासना वेळेवर सुरू करतात, कुणासाठी थांबत नाहीत.

तुझी,
आई