सिस्टरची एक भेट, २५० रुपये : नागपूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांतून किंवा एखाद्या खासगी दवाखान्यातून सुट्टी झालेला रुग्ण घरी येतो, तेव्हा बरेचदा त्याच्या नाकात नळी असते, खाटेला लघवीची पिशवी अडकवलेली असते आणि नातेवाइकांच्या हातात दोन पानांचं डिस्चार्ज कार्ड असतं. वॉर्डात सिस्टर पाळीपाळीने जे काम करत होत्या, ते त्या संध्याकाळपासून सुनेच्या, मुलाच्या किंवा सत्तरी गाठलेल्या बायकोच्या अंगावर पडतं. माया भरपूर असते, पण हाताला ते काम शिकवलेलं नसतं. लकवा, खुब्याचं हाड मोडणं, कर्करोग, जुना दमा, डोक्याची शस्त्रक्रिया असं काहीही कारण असो, घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा सगळ्यांत जोखमीचा असतो.

आमची रुग्णसेवा समिती मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी आणि नंदनवन या भागांत घरी झोपून असलेल्या रुग्णांना फाउलर बेड (डोकं आणि पाय वर करता येणारी खाट), एअर बेड (पंपाने हवा भरलेली गादी), ऑक्सिजनच्या मशीन भाडं न घेता वापरायला देते. साहित्य देणारे या शहरात भरपूर आहेत. घरातलं माणूस गेलं की त्याची खाट, वॉकर, कमोडची खुर्ची लोक आपणहून आणून देतात. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. पण त्या खाटेशेजारी उभं राहून काम करणाऱ्या आणि घरच्यांना शिकवणाऱ्या सिस्टरच्या पगारासाठी देणगी येत नाही. हे आवाहन त्या पगारासाठी आहे.

साहित्य पोचलं की काम झालं, असा समज आहे. एअर बेडचंच बघा. त्याचा पंप पायाकडे टांगायचा असतो, आणि दाबाची चकती रुग्णाच्या वजनाप्रमाणे फिरवायची असते. दाब जास्त झाला तर बेड फरशीसारखा कडक होतो. कमी झाला तर माकडहाड थेट खालच्या पत्र्याला टेकतं. तपासायची रीत सोपी आहे : एअर बेडच्या खाली, माकडहाडाच्या बरोबर खालच्या जागी, तळवा वर करून हात सरकवायचा. तळवा आणि शरीर यांच्यामध्ये साधारण एक इंच फुगलेली हवा लागली पाहिजे. घरोघरी होतं असं की प्लास्टिकवर झोपवायला जीव धजत नाही, म्हणून वर गोधडी, तिच्यावर मेणकापड, त्यावर चादर घातली जाते. तेवढ्या थरांतून हवेच्या कप्प्यांचा काहीच उपयोग पोचत नाही, आणि मेणकापडाखाली घाम साचून कातडी भिजते. वर एक पातळ सुती चादर पुरे. शिवाय एअर बेड आला म्हणून कूस बदलणं थांबत नाही, हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

बेडसोर, म्हणजे झोपून झोपून होणारी जखम, कशी होते ते समजलं की टाळणं जमतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. वरून दिसतं ते उशिरा. पुस्तकात 'लाल डाग' लिहिलेलं असतं; आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसत नाही. तिथे बोटांनी बघावं लागतं : आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते, कडक लागते, रंग थोडा जांभळट वाटतो. गोऱ्या अंगावर डाग बोटाने दाबला आणि पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखम आत सुरू झाली आहे. अशा जागेवर तेल लावून चोळणं घातक, कारण आतला नाजूक भाग त्याने आणखी फाटतो. रबराची गोल रिंगही नको. ती मधल्या भागाचं रक्त चारही बाजूंनी अडवते.

कूस दर दोन तासांनी बदलायची. ओढून नाही, उचलून. एक चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली आडवी ठेवायची, दोघांनी दोन्ही कडा अंगालगत गुंडाळून धरायच्या, तीन म्हणून एकदम उचलायचं. खाटेची चाकं आधी लॉक करायची, हे विसरून पाठीत उसण भरलेल्या सुना कमी नाहीत. मग पाठीमागे उशी लावून अंग साधारण ३० अंशात कलतं ठेवायचं. पूर्ण कुशीवर टाकलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटरीखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. भिंतीवर कागद चिकटवायचा : ६ ला डावी, ८ ला पाठ, १० ला उजवी, आणि करणाऱ्याने समोर सही करायची. रात्री कातडी चांगली असेल आणि एअर बेड नीट चालत असेल, तर हे अंतर वाढवता येतं का ते सिस्टर पाहून ठरवते. घरच्यांची झोप हाही उपचाराचाच भाग आहे.

अन्न भरवायच्या नाकातल्या नळीची चूक मात्र तासाभरात जीवावर बेतते. नळी नाकपुडीपाशी जिथे बाहेर येते तिथे पेनने खूण केलेली हवी, आणि प्रत्येक वेळी भरवण्याआधी ती जागेवर आहे ना हे बघायचं. खूण चार-पाच सेंटिमीटर बाहेर सरकलेली दिसली तर भरवणं थांबवून सिस्टरला बोलवायचं. घरचे घाबरून नळी आत ढकलतात, आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. भरवताना डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश वर, आणि भरवून झाल्यावरही किमान अर्धा तास तसंच. आधी ५० मिलीच्या सिरिंजने पोटातलं थोडं ओढून बघायचं, २० ते ३० मिली पाणी सोडायचं, मग २०० ते २५० मिली पातळ अन्न सिरिंजचा दट्ट्या काढून आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. शेवटी पुन्हा पाणी. मुगाच्या डाळीचं वरण, पेज, ताक काहीही चालतं, पण सुती कापडातून गाळलेलं. औषधाच्या गोळ्या वेगवेगळ्या कुटायच्या, आणि 'एसआर' किंवा 'एंटेरिक कोटेड' लिहिलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यायचा. ठसका लागला, ओठ निळसर झाले की जागच्या जागी थांबायचं. मे महिन्यात सकाळी करून ठेवलेलं अन्न दुपारी देऊ नये, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण घडतं.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीपासून वर टांगलेली हवी. रुग्णाला खुर्चीत बसवताना ती मांडीवर ठेवली जाते आणि जुनी लघवी उलटी आत जाते. ताप तिथून सुरू होतो. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधायची, पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी लघवी व्हायला हवी. एकदम कमी झाली तर आधी नळी मांडीखाली दबली आहे का ते बघायचं. तरी नाही उतरली तर वाट बघत बसू नये.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या माहितीपत्रकांत हे सहसा सापडत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढून, तिच्यातला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवून उरलेला ऑक्सिजन पुढे देतो. ओलावा हा झिओलाइटचा शत्रू. आणि आपल्या घरांत मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो. मशीन कूलरच्या झोतात ठेवली की ती दमट हवा ओढत राहते आणि दाणे लवकर निकामी होतात. आवाज तसाच येत राहतो, बाटलीत बुडबुडे येत राहतात, पण नळीतून ऑक्सिजन कमी मिळतो. उलट टीनाच्या छताखाली कूलरशिवाय ठेवली तर खोली ४० अंशांच्या वर जाऊन अलार्म वाजतो. उपाय असा की मशीन कूलरच्या विरुद्ध बाजूला, भिंतीपासून फूटभर दूर, दाराच्या बाहेर सावलीत थोडी कोरडी हवा मिळेल अशी ठेवायची आणि लांब नळीने रुग्णापर्यंत आणायची. जाळी आठवड्याला धुवायची, धुळीच्या दिवसांत दोनदा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर रोज बदलायचं. देवापुढचा दिवा, उदबत्ती, बिडी दहा फुटांच्या आत नको. लाइन गेली तर बी-टाईप सिलेंडर हाताशी हवा : त्यात साधारण १,५०० लिटर वायू असतो, मिनिटाला २ लिटर दराने तो बारा तास पुरतो. जुन्या दम्याच्या रुग्णाला बोटावरच्या ऑक्सिमीटरमध्ये आकडा ९८ दिसावा म्हणून ऑक्सिजनची चकती वाढवू नये. त्याच्यासाठी बहुतेक वेळा ८८ ते ९२ एवढंच योग्य असतं, डॉक्टर लिहून देतील तेच खरं.

हे सगळं एका तासात समजावता येतं, पण तो तास प्रशिक्षित माणसाचा हवा. घरी ठेवलेली आया किंवा अटेंडंट अंग पुसते, कपडे बदलते, सोबत करते. ते काम मोलाचं आहे, मात्र नळी घालणं, जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन, सक्शन (मशीनने कफ ओढणं) हे तिचं काम नव्हे, आणि तिच्याकडून करून घेणं तिच्यावरही अन्याय आहे. नर्सिंगमध्ये एएनएमचा (सहायक परिचारिका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्र) तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. कुणालाही घरी ठेवताना महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खरी सिस्टर तो आनंदाने दाखवते.

आमची योजना अशी आहे. जीएनएम झालेली एक पूर्णवेळ सिस्टर दिवसाला पाच घरं करते, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३० भेटी. तिचा पगार २५,००० रुपये, पेट्रोलचे ३,००० आणि पिशवीतल्या साहित्याचे ४,५०० धरले तर महिन्याला ३२,५०० रुपये होतात. एका भेटीचे २५०. नव्या रुग्णाकडे पहिल्या आठवड्यात तीन भेटी (पहिली सुट्टी झाल्यापासून चोवीस तासांत) आणि पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला एक, अशा सहा भेटी होतात. म्हणजे एका रुग्णाच्या पहिल्या महिन्याचा खर्च १,५०० रुपये. एका सिस्टरच्या हातून महिन्याला २१ घरं उभी राहतात. आम्हाला दोन सिस्टर वर्षभरासाठी नेमायच्या आहेत : ७,८०,००० रुपये. त्यांना कमी पैशांत राबवून हे चालवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं आहे. उन्हातान्हात स्कूटीवर फिरणाऱ्या बाईला वेळेवर आणि पूर्ण पगार मिळाला पाहिजे.

एकदम मोठी रक्कम द्यावी असं नाही. महिन्याला २५० रुपये वर्षभर देणारी माणसं आम्हाला जास्त हवी आहेत, कारण पगार दर महिन्याला द्यावा लागतो. वाढदिवस, तेरवी, वर्षश्राद्ध यांच्या निमित्ताने कुणी एका रुग्णाचा महिना उचलला तर तेही चालेल.

वस्तू द्यायच्या असतील तर रोज संपणाऱ्या द्या. पूर्ण झोपून असलेल्या एका रुग्णाला दिवसाला चार-पाच डायपर, तीन अंडरपॅड आणि हातमोज्यांच्या सहा जोड्या लागतात. महिन्याचा हिशेब सुमारे १३५ डायपर, ९० अंडरपॅड आणि शंभर नगांचे चार डबे हातमोजे. बाजारातून न फोडलेली पाकिटं आणा. उघडलेली औषधं, वापरलेले मास्क, फोमच्या गाद्या कृपया नकोत. करोनाच्या काळात घेतलेल्या कॉन्सन्ट्रेटर मशीन अनेक घरांत कपाटावर पडून आहेत. त्या जरूर द्या, पण बंद राहिल्यानेही झिओलाइट ओलावा धरतं, म्हणून आमचा तंत्रज्ञ ऑक्सिजन मोजणारा ॲनलायझर लावून तपासेल. मिनिटाला ५ लिटर दरावर ऑक्सिजन साधारण ८७ टक्क्यांच्या खाली आला तर ती मशीन दुरुस्तीशिवाय रुग्णाकडे जाणार नाही. वाईट वाटून घेऊ नये.

निवृत्त सिस्टरांनाही एक विनंती. आठवड्यातले दोन तास दिलेत तर शनिवारी घरच्या मंडळींसाठी कूस बदलणं, नळीने भरवणं आणि हात धुणं (साबणाने ४० ते ६० सेकंद, घड्याळ लावून) यांचं शिबिर घेता येईल. वापरलेल्या सुया कचरागाडीत जाऊ नयेत म्हणून जाड प्लास्टिकचे झाकणाचे डबेही हवे आहेत. सफाई कामगारांच्या हाताला त्या टोचतात.

समितीची सिस्टर डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय इंजेक्शन देणार नाही, आणि कुठल्याही इंजेक्शनचा पहिला डोस घरी देणार नाही. श्वास मिनिटाला ३० च्या वर, नव्याने आलेली गुंगी, थंडी वाजून ताप, सहा-आठ तास लघवी बंद, असं काही असेल तर तिची वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं.

देणगी फक्त समितीच्या बँक खात्यात, धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावी, आणि पावती मागून घ्यावी. दारोदार रोख गोळा करायला आम्ही कुणालाही पाठवत नाही. जमा आणि खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला कार्यालयाच्या फलकावर लावू, कुणीही येऊन बघावा. रुग्णासाठी सेवा हवी असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशीच या, म्हणजे खाट आणि एअर बेड रुग्णाच्या आधी घरी पोचेल. येताना डिस्चार्ज कार्ड तयार झालं असेल तर त्याची झेरॉक्स आणा, आणि रुग्णाचं वजन, घर कितव्या मजल्यावर आहे आणि खोलीत कूलर कुठल्या भिंतीला आहे एवढं लिहून आणा.