बढतीच्या आधी शिकवा

संपादक महोदय,

पोलीस नेतृत्व सुधारायचे म्हटले की वरिष्ठांसाठी आठवडाभराची व्याख्याने ठरतात. शिपायाचा दिवस कसा जाणार, हे मात्र ठरते पाळीवरच्या पर्यवेक्षकाच्या हातून. त्याला बढती मिळते ती तपासात हुशार म्हणून. पंधरा माणसांना काम कसे वाटून द्यायचे, हे कोणी शिकवलेले नसते. मग अवघड प्रकरणे त्याच दोघा-तिघा भरवशाच्या माणसांच्या गळ्यात पडतात. त्यांचे तपास रखडतात आणि बाकीचे काही शिकत नाहीत.

बढतीआधीच या पर्यवेक्षकासाठी वर्ग घ्या आणि त्याच्यापुढे खराखुरा ड्युटी-तक्ता ठेवा. रजा, आजारपण, न्यायालयातल्या साक्षी सगळे धरून. रात्रपाळी करून सकाळी साक्षीला गेलेला माणूस संध्याकाळी पुन्हा बंदोबस्ताला लागला, तर तक्ता चुकला. पाळीच्या सुरुवातीची दहा मिनिटेही सरावाने घ्यायला लावा: कालपासून काय बदलले, आज लक्ष कुठे, कोणाकडे काय. शेवटी एखाद्याला आपले काम स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचे. सूचना कुठे अडली ते तिथेच कळते. हा शेवटचा भाग घाईत हमखास गाळला जातो.

गुन्ह्यांच्या आकड्यांवर घेतली जाणारी बैठक हे सर्वांत नाजूक काम. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ‘कॉम्पस्टॅट’ ही आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारण्याची पद्धत पुढे अनेक देशांत गेली. पण ‘गुन्हे का वाढले?’ एवढाच जाब विचारला, की चोरीची तक्रार ‘वस्तू हरवली’ म्हणून नोंदवली जाऊ लागते. घटनेपाशी न थांबता तिच्यामागची समस्या सोडवा, असे अमेरिकी पोलीस-अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्येच मांडले होते. एकाच वाहनतळावरून चार दुचाकी गेल्या, तर वेळ कोणती, कुठला दिवा बंद, रखवालदार कधी बदलतो, हे विचारणारा अधिकारी घडवायला हवा.

दोन दिवस वर्ग, सहा आठवडे स्वतःच्या ठाण्यात एकच नेमून दिलेली सुधारणा आणि मग पुन्हा एक दिवस वर्ग, अशी रचना असावी. पर्यवेक्षकाच्या वरिष्ठालाही पहिल्या दिवशी बोलवा. नाहीतर ‘हे इथे चालणार नाही’ या एका वाक्यात सगळे शिक्षण संपते. अभिप्रायाचे फॉर्म भरून घेण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी प्रशिक्षकाने न कळवता पाळीच्या सुरुवातीला जाऊन बसावे, तक्ता तपासावा आणि शिपायांशी बोलावे.

— एक वाचक