बाजीचं लेहलं नं!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पानावर वाशीम जिल्ह्यातल्या एका तरुणाचं पत्र वाचलं. त्याला कथा लिहायची आहे, पण 'आमच्या खेड्यात काही घडतच नाही, लिहू कशावर?' असं तो विचारतो. हे पत्र त्याच्यासाठी आहे, आणि वहीत लिहून ती गादीखाली लपवणाऱ्या सगळ्याच पोरापोरींसाठी आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी ३१ वर्षं डाक वाटली. त्या काळात माझ्या १४ कथा दिवाळी अंकांतून छापून आल्या. संख्या लहान आहे, पण त्यातली एकही सहज आलेली नाही.

पहिली कथा चार ठिकाणांहून परत आली. चारही वेळा गावाच्या थैलीतून तो लिफाफा मीच काढला, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि स्वतःच्याच खिशात घातला. चूक काय झाली ते कोणी सांगितलं नाही. ती मला उमगली एका म्हातारीचं पत्र लिहिताना.

आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. मुलगा पुण्याला कंपनीत होता. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून महिन्यातून एकदा ती टपालाच्या ओट्यावर येऊन बसायची आणि मी आंतर्देशीय पत्र मांडीवर घ्यायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "लेय बापू, गाय याली. गोऱ्हा झाला. तुही बाज मी रोज आंगनात टाकतो. पाऊस आला त आत घेतो." बाज म्हणजे त्याची खाट. मग ती गप्प झाली. पत्रात अजून बरीच जागा होती. मी विचारलं, "माय, तुझी लय आठवण येते, असं लिहू का?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "लेहलं ना बापू. बाजीचं लेहलं नं!"

मी घरी आलो आणि परत आलेली कथा काढून वाचली. त्यात शहरात निघालेला मुलगा आईला म्हणत होता, "आई, तुझ्या आठवणीने माझे मन व्याकूळ होईल." आमच्या गावात आजवर कोणी असं बोललेलं नाही. आमची माणसं दुःख तोंडानं सांगत नाहीत. ती बाज टाकतात, निवडून झालेली ज्वारी पुन्हा सुपात घेऊन निवडत बसतात, गेलेल्या माणसाचा पितळी गिलास घासून जागेवर ठेवतात. कथा लिहिणाऱ्यानं ती बाज पाहायची, तिच्यावर गोधडी टाकली होती का ते पाहायचं, आणि तिथंच थांबायचं. 'तिला आठवण येत होती' हे वाक्य खोडायचं. ते वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतं, आणि तिथं उमटलेलं जास्त टिकतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही बोलताना मला त्रास होतो. मुलं माझ्याकडे कथा आणून देतात. त्यातल्या बहुतेक कथांच्या शेवटी फास असतो, नाही तर फवारणीच्या औषधाचा डबा. ते खोटं नाही. माझ्या गल्लीतही झालं आहे. पण विदर्भ म्हटला की एवढंच लिहायचं, असं आपल्या मुलांनी का धरून बसावं? मेलेला शेतकरी सगळ्यांना दिसतो. तो जगत होता तेव्हा कसा दिसायचा, ते लिहा.

मी शाळकरी असताना कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. १९७२ मध्ये ती योजना सुरू झाली होती. वडिलांबरोबर बैलबंडीवर बसून संकलन केंद्रावर गेलो, तर पुढे बंड्यांची ही लांब रांग. दोन रात्री आम्ही बंडीखाली झोपलो. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला. वडिलांनी घाईघाईनं शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं. ग्रेडरनं मूठभर कापूस उचलला, बोटांनी धागा ओढून पाहिला. वडील कापसाकडे पाहतच नव्हते, त्याच्या तोंडाकडे पाहत होते. कोणता दर्जा मिळाला ते मी विसरलो. ते बटण विसरलो नाही. माझी सर्वांत चांगली कथा त्या बटणावर उभी आहे, आणि तीत कोणीही मरत नाही.

भाषेचं म्हणाल, तर आपल्या वऱ्हाडीतलं 'मले', 'तुले' लिहायला मुलं लाजतात. शाळेत माझ्याही वहीतल्या 'मले'वर लाल रेघ ओढली गेली होती. म्हणून सांगतो, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. मराठीचा आद्य गद्यग्रंथ आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेला आहे. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली, तिची नायिका कौतिक वऱ्हाडीच बोलते. मग आपण कोणाला भ्यायचं? संपादकसाहेब, आपणालाही हात जोडून विनंती, कथा छापताना संवादातल्या 'मले'चं 'मला' करू नका. माणूसच बदलून जातो.

बाकी कामाचं थोडक्यात सांगतो. एक कथा पुरी झाल्याशिवाय दुसरी धरू नका. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, जीभ अडखळली तिथं खूण करा. वाचून दाखवायचं तर कौतुक करणाऱ्याला नको, ज्याचं काम कथेत आहे त्याला दाखवा. डवरणीची, म्हणजे पिकातल्या कोळपणीची कथा असेल तर डवरा धरणाऱ्याला. दिवाळी अंकांची तयारी पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून कथा उन्हाळ्यातच पुरी करा. परत आली तर आठ दिवस तिच्याकडे पाहू नका, नवव्या दिवशी पाहा.

माझ्या शेजारची एक मुलगी एसटीनं दर्यापूरला कॉलेजात जाते. तिनं निंदणाला जाणाऱ्या बायांवर कथा लिहिली. त्यात एक वाक्य होतं, 'बाया गप्पा मारत होत्या.' मी विचारलं, "कोणत्या गप्पा?" ती लाजली. म्हणाली, "आबाजी, त्या लय वंगाळ बोलतात. नवऱ्याचं, सासूचं काही ठेवत नाहीत." मी म्हटलं, "तेच लिही." पंधरा दिवसांनी ती आठ पानं घेऊन आली. वाचताना मी दोनदा हसलो, आणि एका ठिकाणी चष्मा काढून ठेवावा लागला. शेवटचं पान राहिलं आहे. सध्या घरची तूर सोंगणीला आली आहे, ती आईबरोबर वावरात असते. तुरीची गंजी लागली की आणून दाखवतो म्हणाली.

आपला,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक
ता. दर्यापूर, जि. अमरावती