उशिरा आलेला फोन

प्रिय सुहास,

परवा रात्री फुटबॉलच्या सामन्यात गोल झाला तेव्हा तुझा फोन आला नाही. मी फोन हातात धरूनच बसलो होतो. चार मिनिटांनी वाजला आणि तुझं पहिलं वाक्य होतं, ‘दिला का रे?’ पूर्वी तू गोल झाल्या झाल्या फोन करायचास आणि बोलायचा काहीच नाहीस, नुसता ओरडायचास. इकडून मी ओरडायचो आणि दोघं फोन ठेवून द्यायचो. परवा मी तुझ्याशी तुटक बोललो, मधेच फोन ठेवला. राग तुझ्यावर नव्हता, रिप्ले बघत बसून गोल द्यायचा की नाही ते ठरवण्याच्या या पद्धतीवर होता. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

रिप्ले आणा म्हणून ओरडणाऱ्यांत सर्वांत मोठा गळा माझाच होता, हे तू मला ऐकवणार, आणि ते खरंच आहे. 27 जून 2010 चा दिवस आपण दोघांनी एकत्र पाहिला. विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आला आणि रेषेच्या आत चांगला हातभर पडला. जर्मनीचा गोलकीपर नॉयरने तो उचलून पुढे खेळवला, आणि रेफरी व लाइनमन दोघांनीही गोल दिला नाही. 2-2 व्हायचं ते 2-1 राहिलं आणि जर्मनीने सामना 4-1 असा नेला. त्याच दिवशी नंतर मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेझने डोक्याने गोल केला तो स्वच्छ ऑफसाइड, म्हणजे पास येताना तो बचावपटूंच्या पुढे उभा होता. स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला, मेक्सिकोचे खेळाडू त्याकडे बोट दाखवत रेफरीला घेरून उभे राहिले, पण पडद्यावर दिसलं म्हणून निर्णय बदलायची मुभा नियमात नव्हती. अख्ख्या जगाला जे दिसतंय ते एकट्या रेफरीने पाहायचं नाही, हा कुठला न्याय, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आजही तेच म्हणेन.

गोललाइनचं तंत्रज्ञान 2014 च्या विश्वचषकात आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. चेंडू पूर्ण आत गेला की रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ सेकंदाभरात थरथरतं. विषय संपला. जून 2020 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेडच्या सामन्यात ते एकदा फसलं. व्हिलाचा गोलकीपर चेंडू हातात घेऊन रेषेमागे गेला तरी घड्याळ गप्प राहिलं. व्हिला त्या मोसमात एका गुणाने लीगमध्ये तगलं, खालच्या लीगमध्ये ढकललं गेलं नाही, म्हणजे चूक लहान नव्हती. तरीही त्या यंत्राशी माझं भांडण नाही. चेंडू रेषेपार गेला की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असंच असतं, आणि मोजायचं काम यंत्राने करावं.

माझं भांडण व्हीएआरशी आहे, म्हणजे खोलीत बसून व्हिडिओवर रेफरीचे निर्णय तपासणाऱ्या पंचाशी. खरं तर व्हीएआरशीही नाही, त्याचं जे करून ठेवलंय त्याच्याशी आहे. मार्च 2018 मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने त्याला मान्यता दिली तेव्हा चारच गोष्टी त्याच्या हाती दिल्या होत्या: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. त्यातही चूक ढळढळीत असेल तरच बोलायचं. कमीत कमी ढवळाढवळ आणि जास्तीत जास्त फायदा, असं त्यांचं सूत्र होतं. घोडचुका पकडायला माणूस बसवला होता, सुहास. तो आता खुसपटं काढतोय.

ऑफसाइडचंच घे. कॉलेजात असताना मी एकदा झेंडा घेऊन लाइनवर उभा राहिलो होतो, तो सामना तुला आठवतो. तू पुढे पास टाकलास, आपला विंगर पळाला आणि मी झेंडा वर केला. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. तुला कधी सांगितलं नाही, पण मला त्या क्षणी खरं काय दिसलं ते आज सांगतो. तुझा पाय चेंडूला लागला तो क्षण मी पाहिलाच नव्हता, फक्त आवाज ऐकला होता. डोळे शेवटच्या बचावपटूच्या खांद्यावर होते. एकाच वेळी दोन ठिकाणी बघता येत नाही, म्हणून लाइनमन कानाने पास ऐकतो आणि डोळ्याने रेषा धरतो. आवाज पोचेपर्यंत विंगर पाऊलभर पुढे गेला असेल. कदाचित तूच बरोबर होतास.

मग हे काम कॅमेऱ्याने करावं, असं तू म्हणशील. पण कॅमेऱ्याचीही तीच अडचण आहे. सेकंदाला 50 चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. सेकंदाला 8 मीटर पळणारा खेळाडू तेवढ्यात 16 सेंटिमीटर सरकतो. बचावपटू उलट्या दिशेने वर येत असेल तर दोघांतलं अंतर त्याहून जास्त बदलतं. चेंडू पायाला नेमका कुठल्या चित्रात लागला, ते कोणीतरी माणूसच ठरवणार. आणि मग त्या ठरवलेल्या चित्रावर काखेतून आणि बुटाच्या टोकातून रेषा टाकून दोन बोटांच्या फरकाने गोल रद्द करणार. मापाची पट्टीच एवढी जाड, तर केसाएवढा फरक तिच्यावर वाचायचा कसा?

2022 च्या विश्वचषकात छताखाली बारा कॅमेरे आणि सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवणारा सेन्सर चेंडूत आला, त्याने हे खूप सुधारलं, हे मान्य. पण 2024 च्या युरोमधला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतला, डेन्मार्कचा सामना आठव. जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या अँडरसनने गोल केला आणि त्याच्याच संघातल्या डिलेनीच्या बुटाचं टोक पुढे होतं म्हणून तो रद्द झाला. काही मिनिटांतच त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू निसटता लागला, पडद्यावर क्रिकेटमधल्या स्निकोसारखा आलेख थरथरला आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. मोजमाप बरोबर असेलही. पण ऑफसाइडचा नियम पुढे दबा धरून बसणाऱ्याला अडवण्यासाठी आहे. बुटाच्या टोकाने डिलेनीने कोणता फायदा घेतला होता? आणि इतक्या जवळून आलेल्या चेंडूपासून माणसाने हात लपवायचा कुठे?

हाताच्या बाबतीत तर स्लो मोशन सरळ सरळ फसवतं. 2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कॉर्नर आला, क्रोएशियाच्या पेरिसिचच्या पुढे फ्रान्सचा मातुइदी उडी मारून चुकला आणि त्याच्यामागून अचानक निघालेला चेंडू पेरिसिचच्या हाताला लागला. पिताना नावाचा रेफरी पडद्याजवळ गेला, पाहून निघाला आणि पुन्हा मागे वळून पाहायला गेला. सुहास, ज्याला दुसऱ्यांदा वळून पाहावं लागतं ती चूक ढळढळीत कशी? पेनल्टी दिली गेली, 1-1 चं 2-1 झालं, फ्रान्स 4-2 ने जिंकलं. चित्राचा वेग कमी केला की माणसाला विचार करायला वेळ होता असं वाटायला लागतं. तो वेळ पेरिसिचला मिळालाच नव्हता, तो फक्त पडद्यासमोर उभ्या असलेल्या रेफरीला मिळाला.

आणि सगळ्यांत जास्त मला कशाचा त्रास होतो माहीत आहे? गप्प बसण्याचा. सप्टेंबर 2023 मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या डियाझने गोल केला, लाइनमनने झेंडा वर केला. व्हीएआरच्या खोलीत बसलेल्यांनी रेषा टाकून पाहिली, तो ऑफसाइड नव्हता. पण मैदानावर गोल दिलाय अशी त्यांची समजूत झाली होती, म्हणून तपासणी पूर्ण झाली असं त्यांनी कळवलं आणि खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीतल्या एकाच्या लक्षात आलं, खेळ थांबवा असा निरोपही आला. पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही. हे सगळं आपल्याला नंतर ध्वनिफीत बाहेर आली तेव्हा समजलं. त्या रात्री हजारो लोक मैदानात बसून होते आणि त्यांच्यासमोर काय घडलं ते त्यांनाच कोणी सांगितलं नाही. क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय बघतोय, काय बोलतोय हे घरबसल्या ऐकू येतं. निर्णय पटला नाही तरी माणूस समोर उभा असतो. त्या रात्री इथे होता तो कानातल्या यंत्रावर बोट धरलेला रेफरी आणि एक बंद खोली.

तू फोनवर म्हणालास, पूर्वीपेक्षा बरोबर निर्णय जास्त होतात की नाही? होतात. 2022 मध्ये स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने रेषेवरून ओढलेला चेंडू साध्या डोळ्याला बाहेर दिसत होता आणि काही मिलिमीटर आत होता. त्यावरून झालेल्या गोलामुळे जपान जिंकलं. तो गोल जपानचा होता आणि जपानला मिळाला, याबद्दल मी व्हीएआरचा आभारी आहे. मला हे बंद व्हायला नको आहे. 2024 मध्ये वुल्व्ज या क्लबने ते काढून टाकायचा ठराव मांडला आणि प्रीमियर लीगच्या वीस क्लबांत त्यांचं एकट्याचंच मत पडलं, तेव्हा मीही त्यांच्या बाजूने नव्हतो.

मला एवढंच हवंय की पूर्ण वेगात दोन-तीनदा पाहून जे दिसणार नाही ते शोधायचं नाही. क्रिकेटमध्ये जसा अंपायर्स कॉल आहे, तसं ऑफसाइडमध्ये थोडा फरक असेल तर मैदानावरच्या माणसाचं म्हणणं ठेवायचं. त्यातही चुका होतील. लाइनमन चुकला तर मी चिडेन, शिव्या घालेन, रात्रभर जागेन. पण तो माझ्यासारखाच एका डोळ्याने आणि एका कानाने बघणारा माणूस आहे, हे मला ठाऊक असेल. ती चूक मला सोसते. चार मिनिटं मोजून केलेली चूक सोसत नाही.

परवा माझ्या एक लक्षात आलं आणि वाईट वाटलं. गोल झाला की मी आता चेंडूकडे बघत नाही. खेळाडूंकडेही नाही. रेफरीच्या कानाकडे बघतो. त्याचा हात कानाकडे जातोय का, एवढंच. माझी आरोळी घशात अडकलेली असते आणि ती सुटते तोवर तिच्यात जीव राहत नाही. तुझंही तेच झालंय, नाहीतर तू चार मिनिटं थांबला नसतास.

शनिवारी सामना आहे. गोल झाला तर लगेच फोन कर. पुढे रद्द झाला तर झाला. मी दुसऱ्या रिंगला उचलतो.

तुझा,
विन्या